अण्णांचा चोक

मोडनिंबात बँकेची नोकरी करणं हा मुळातच एक कोटीचा प्रकार आहे. कोटी म्हणजे शाब्दिक. रुपयांतली कोटी आमच्या शाखेत फक्त वार्षिक उद्दिष्टात दिसते.

त्याचं असं आहे, की बँकेत दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे 'मोड'. "मोड द्या", "मोड नाही", "पाचशेची मोड कुठून आणू?", "एफडी मोडायची आहे", "मोडू नका, व्याज बुडेल." त्यातून गावाचं नावच मोडनिंब! पुणे-सोलापूर हमरस्त्यावरून (याचा नंबर पूर्वी ९ होता, आता ६५ आहे, सीनियॉरिटी गेली की काय होतं ते रस्त्यालाही चुकलेलं नाही) जाणारा एखादा पाहुणा पैसे काढायला आमच्याकडे शिरतो. मोड मिळाली नाही की पाटीकडे बघून म्हणतो, "मग नावात कशाला घातलीय?" या प्रश्नाला मी वीस वर्षं नुसतं हसतो आहे. पगारात तेही धरलेलं असावं.

पण मोडचा आणखी एक अर्थ आमच्या घरात चालतो. मोडलेली वस्तू टाकायची नाही, हा आमच्या अण्णांचा कायदा. अण्णा म्हणजे आमचे वडील. आयुष्यभर ते कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज या नॅरोगेजवर गार्ड होते. एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरानं १८९७ साली सुरू केलेली ही बार्शी लाइट रेल्वे. दोन रुळांत अंतर अडीच फूट. आता ती रुंद झाली, डबे मोठे झाले, पण अण्णांच्या मते गाडी होती ती तीच. "आता नुसता वेग आहे," असं ते म्हणतात. गाडीबद्दल असा आक्षेप घेणारे रेल्वेतले ते एकटेच असावेत.

या अण्णांचा एक ट्रान्झिस्टर आहे. चार जाड सेलवर चालणारा, मीडियम वेव्हचा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी आणि आवाजाच्या बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण असलेला. सकाळची भक्तिगीतं, मग प्रादेशिक बातम्या, हा त्यांचा नेम. आई गेल्यापासून तर पहाटे घरात पहिला आवाज त्या रेडिओचाच होतो. आईचा व्हायचा, त्या वेळेला.

त्यात गेल्या उन्हाळ्यात सेल वारंवार बदलावे लागायला लागले. पेन्शनीतून सेल आणणं अण्णांना जमेना, असं नाही. पण उतरलेले सेल उन्हात वाळत घालून पुन्हा वापरणं त्यांना जमायला लागलं होतं. गच्चीवर कुरडया, पापड आणि त्यांच्या शेजारी चार सेल असं वाळवण बघून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील? बाजारात प्लगात घालायचं यंत्र मिळतं की!"

मिळतं. मी आणलं. मोबाइलच्या चार्जरसारखं, मुठीत मावणारं. प्लग लावला, रेडिओ सुरू केला, आणि आत कुणीतरी मोठ्या कढईत भजी तळायला सोडली. चर्रर्रऽऽ! आकाशवाणी कुठे आहे ते कळेना. अण्णांनी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सगळीकडे भजीच.

"दाणापाणी चाललंय," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी वाळवणातले सेल आणून घातले.

आमची मुलगी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. मुलीची एक सवय सांगायला हवी. ती काहीही करत असली तरी सारखी गुणगुणत असते. गणित सोडवताना, भाकरी थापताना, मोबाइल बघताना. सूर कुठला तो तिलाही सांगता येत नाही. अण्णा दिवसातून दहा वेळा ओरडायचे, "ए, गुणगुण बंद कर! बातम्या लागल्यात." ती दोन मिनिटं थांबायची आणि पुन्हा सुरू.

तर ती गुणगुणतच म्हणाली, "बाबा, हे स्विचिंगवालं आहे. आतलं बटण सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं. त्याचे जे तुकडे उडतात ते थेट मीडियम वेव्हवर पडतात. अण्णांच्या रेडिओला जुन्या पद्धतीचं पाहिजे. ट्रान्सफॉर्मरवालं. आपण करू."

'आपण' या शब्दाचा अर्थ 'बाबांनी पैसे द्यायचे' असा होतो, हे कुठल्याही बापाला शिकवावं लागत नाही.

आता मी बी.कॉम. आम्हाला करंट म्हटलं की खातं आठवतं, आणि हेन्री म्हटलं की हेन्री फेयॉल आठवतो. व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं सांगून वाणिज्य शाखेच्या पिढ्यान्‌पिढ्यांकडून पाठांतर करून घेणारा तो फ्रेंच गृहस्थ. विजेतला एक वेगळा हेन्री असतो आणि तो चोकमध्ये राहतो, हे कळायला मला वयाची पंचेचाळीस वर्षं आणि अण्णांचा रेडिओ लागला.

सामान थोडकं होतं. भिंतीतल्या २३० व्होल्टचे सहा-शून्य-सहा करणारा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, आणि हजार मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. पैकी ट्रान्सफॉर्मर चिरंजिवांच्या जुन्या शाळेच्या प्रोजेक्टात होता, बाकी सगळं शंभराच्या नोटेत आलं आणि वर मोडही परत मिळाली. हे मोडनिंबात घडलं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता हे यंत्र काय करतं ते बँकेच्या भाषेत सांगतो. भिंतीतला करंट हा एक चंचल खातेदार आहे. सेकंदाला पन्नास वेळा भरणा करतो आणि पन्नास वेळा काढून नेतो. महिनाअखेर शिल्लक शून्य. रेडिओला असला गिऱ्हाईक चालत नाही; त्याला एकाच दिशेनं, सावकाश, न चुकता पैसे हवेत. डायोड हे 'फक्त भरणा' अशी पाटी लावलेले काउंटर. दोन काउंटर आळीपाळीनं भरणा घेतात, म्हणून सेकंदाला शंभर हप्ते येतात. पण येतात ते हप्त्याहप्त्यानंच. दोन हप्त्यांच्या मध्ये रेडिओनं खायचं काय? त्यासाठी कपॅसिटर. म्हणजे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी. नळ आला की भरते, नळ गेला की घर तिच्यावर चालतं.

सगळं जोडलं. रेडिओ लावला. भजी बंद! आणि त्या जागी, लांबून, खर्जात, घुंऽऽऽ असा एक तंबोरा लागला.

सकाळची वेळ होती. भजन चालू होतं. अण्णांनी डोळे मिटले. "वा," ते म्हणाले, "आज तंबोरा काय छान मिळवलाय!" मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. भजन संपलं. तंबोरा संपला नाही. प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या. धरणातला पाणीसाठा, कांद्याचे भाव, एका मंत्र्यांचा दौरा, आणि या सगळ्यामागे घुंऽऽऽ. मंत्र्यांच्या दौऱ्याला इतकी भारदस्त साथ आकाशवाणीनं कधी दिली नसेल. अण्णांनी डोळे उघडले.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

ती टाकी भरण्या-उपसण्यातली लाट होती. मुलीनं कागदावर हिशोब मांडला. रेडिओ ५० मिलीअँपिअर खातो, हप्ता दर १० मिलिसेकंदांनी येतो, टाकी हजार मायक्रोफॅरडची. म्हणजे पाण्याची पातळी दर वेळी सुमारे अर्धा व्होल्ट वरखाली होते, तीही सेकंदाला शंभर वेळा. तोच तो तंबोरा.

मी रेडिओ दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे गेलो. पूर्वी त्यांच्याकडे रेडिओ यायचे, आता मोबाइल येतात. रेडिओ म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्याचा भाव आला. "कंडेन्सर वाढवा सायब," ते म्हणाले. मुलीनं हिशोब केला. टाकी दुप्पट केली की लाट निम्मी होते. दहापट केली तर दहावा भाग. म्हणजे पगार पुरत नाही म्हणून पाकीट मोठं घ्यायचं, त्यातलाच प्रकार.

"मग आयसी लावा की. सात आठ शून्य सहा. तीन पायांचा. पाच-दहा रुपये. काम फत्ते!"

हा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध होता. हा आयसी वरचं जास्तीचं कापून बरोब्बर सहा व्होल्ट देतो आणि लाटही खातो. फक्त त्याची एक अट असते: मला सहा हवेत तर माझ्या आधी निदान आठ द्या. आमच्या ट्रान्सफॉर्मरमधून सगळं वजा जाता पावणेआठच्या आसपास निघतात. आणि संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले, की गावाचं व्होल्टेज जे खाली बसतं ते थेट १८० पर्यंत. मग आयसीकडे कापायला काही उरतच नाही. तो हात वर करतो आणि आलेली लाट जशीच्या तशी पुढे पाठवतो. वरिष्ठांकडून आलेला कागद काही अधिकारी जसा खाली पाठवतात तसा. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला असता तर हाही प्रश्न मिटला असता. पण घरात सहाचा असताना नवाचा विकत आणायचा म्हणजे अण्णांच्या कायद्याखाली गुन्हा.

"चोक लावू या," मुलगी म्हणाली.

"चोक?" मिस्त्री मनापासून हसले. "सायब, रेडिओ हाय का ट्यूब?"

पण हसता हसता ते थांबले. म्हणाले, "व्हय की ओ. माझ्या उस्तादाकडं जुने व्हॉल्व्हचे सेट यायचे. त्यात असायचा चोक. चांगला पेरूएवढा."

आणि ते खरंच होतं. ज्या काळात पोस्टात लायसन्सचे पैसे भरून रेडिओ ऐकावा लागे, त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत कपॅसिटर असायचे आठ-सोळा मायक्रोफॅरडचे. एवढ्याशा टाकीवर अडीचशे व्होल्टचं घर चालायचं नाही. म्हणून मध्ये चोक. काही सेटांत तर लाउडस्पीकरला चुंबक म्हणून जी तारेची गुंडाळी लागे, तिच्याकडूनच चोकचंही काम करून घेत. एका पगारात दोन खुर्च्या, ही कल्पना बँकांनी काढली असं मला आजवर वाटत होतं.

चोक शोधायला लांब जावं लागलं नाही. गावातल्या ट्यूबलाइटी उतरून एलईडीच्या पट्ट्या चढल्या, तेव्हापासून भंगारवाल्याकडे चोकांचा ढीग आहे. मात्र चोक तांब्याचा पाहिजे, हलका इलेक्ट्रॉनिक नको. त्याच्या पोटात तारेऐवजी भलतीच कारागिरी असते. भंगारवाल्यानं तांब्याच्या भावानं तोलून दिला. "फुटला तर परत घेईन," अशी गॅरंटीही दिली. भंगारच ते. फुटलं तरी त्याचं काय जाणार?

चोक म्हणजे लोखंडाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली तार. बस्स! त्यात दुसरं काही नाही. पण तिच्यातून करंट जायला लागला की लोखंडात चुंबकत्व साठतं, आणि करंट वाढायला लागला की ते आडवं येतं, कमी व्हायला लागला की मागून ढकलतं. ट्यूब लागताना स्टार्टर लुकलुकतो ना? तेव्हा तो चोकचा चालता करंट मध्येच तोडत असतो. एकदम थांबवल्यामुळे चोक असा काही उसळतो, की त्या झटक्यानं ट्यूब पेटते. हा गुण जोसेफ हेन्री नावाच्या अमेरिकन मास्तरानं १८३२ साली जगाला सांगितला. ऑल्बनीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यानं हे शोधलं. पुढे १८९३ साली शिकागोच्या परिषदेत चोकच्या मापाला त्याचं नाव दिलं. मास्तरकीत एवढं वर गेलेलं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

ट्यूबचा चोक साधारण एका हेन्रीचा भरतो. तो टाकीच्या पुढे जोडला, त्याच्या पुढे हजार मायक्रोफॅरडची आणखी एक टाकी. मुलीनं पुन्हा कागद घेतला. चोकच्या तारेचा नुसता अवरोध मीटरवर ४० ओहम निघाला. तेवढ्याच ओहमचा साधा रोधक त्या जागी लावला असता, तर लाट पंचवीसपट कमी झाली असती. चोकनं ती जवळजवळ चारशेपट कमी होते. अर्ध्या व्होल्टचा उरतो मिलीव्होल्ट, सव्वा मिलीव्होल्ट. आणि त्या ४० ओहमांत जे दोन व्होल्ट खर्च होतात, ते वजा जाता रेडिओला मिळतात सहाच्या आतबाहेर. हवे तेवढेच! व्होल्टेज पडलं तर आवाज थोडा बसतो, पण तंबोरा येत नाही. ताळेबंद इतका जुळल्यावर माझ्यातला बी.कॉम. गहिवरला.

डबा रेडिओपासून हातभर लांब ठेवला, कारण ट्रान्सफॉर्मरचं आणि चोकचं चुंबकत्व शेजारी बसलं की रेडिओत डोकावतं. भिंतीकडच्या बाजूला फ्यूज घातला, वर झाकण घातलं. बटण फिरवलं.

बातम्या लागल्या. नुसत्या बातम्या. निवेदिकेनं श्वास घेतलेला ऐकू आला.

अण्णांनी डबा उघडून बघायला मागितला. "हा एवढा जड कशाला घातलास?" मी त्यांना टाकी, लाट, हेन्री सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे भरलेली मालगाडी. सुटायला वेळ लावते, थांबायलाही वेळ लावते. मधले हिसके तिला लागत नाहीत. रिकामा डबा उडतो." इतकं सोपं मुलीच्या पुस्तकातही नव्हतं.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. माणूस दिसला की तो रोधक की चोक, हे मनात बघायचं. दोघंही अडवतात. पण रोधक कायम अडवतो, आणि अडवून गरम होतो. आमच्या शाखेत असे एक आहेत. नाव सांगत नाही, पासबुक त्यांच्याकडेच भरून घ्यायचं असतं. चोकचं तसं नाही. तो फक्त एकदम काही करू देत नाही. रोजचं, सरळ चाललेलं त्याच्यातून जवळजवळ न अडखळता जातं. आणि अडवताना जे साठवतो, ते नंतर परत देतो. स्वतःसाठी ठेवत नाही.

आमच्या घरात गॅस आला तेव्हा अण्णांनी विरोध केला होता. स्कूटरला केला. मोबाइलला केला. आज गॅस संपला की पहिला नंबर तेच लावतात, आणि मोबाइलवरून लावतात.

जूनमध्ये मुलीनं सांगितलं, की तिला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय, आणि पुण्याला. अण्णांनी पेपर खाली ठेवला. "सोलापूर काय वाईट आहे? पोरगी एकटी? पुण्याला?" आणि तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. सौभाग्यवती रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "अण्णा हो म्हणायचे नाहीत." मुलगी गुणगुणायची थांबली. ते मात्र मला जड गेलं. पैशांचा प्रश्न होताच. मी कर्जाचे फॉर्म रोज दुसऱ्यांना भरून देतो. स्वतःचा भरायला बसलो तेव्हा हात चालेना.

मी अण्णांशी वाद घातला नाही. मालगाडीशी वाद घालत नाहीत. रोज जेवताना पुण्याचं एखादं वाक्य बोलायचो, हळू. वसतिगृह मुलींचं आहे. रविवारी फोन करता येतो. आषाढी आली. अण्णा पंढरपूरला जाऊन आले. आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या वसतिगृहात जेवण कसं असतं?" मी ओळखलं. गाडी सुटली होती.

प्रवेश झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा बँकेत आले. रांगेत उभे राहिले. घरातला माणूस म्हणून पुढे यायचं त्यांना मान्य नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी काचेच्या खालून एक पावती सरकवली. मुदत ठेवीची. आईच्या आजारपणासाठी म्हणून ठेवलेली, आणि नंतर तशीच राहिलेली.

"अण्णा," मी म्हणालो, "मुदत बाकी आहे. आत्ता मोडली तर व्याज कमी मिळेल."

"मोड," अण्णा म्हणाले. मागे रांग होती. मी सही घेतली.

पुण्याला जायच्या आदल्या रात्री मुलीनं रेडिओच्या डब्यात एक शेवटचं काम केलं. त्याला कारण अण्णाच. भजन ऐकून ते दोनदा म्हणाले होते, "स्वच्छ आहे रे, पण तंबोऱ्याशिवाय उघडं वाटतं." म्हणून तिनं चोकच्या दोन टोकांमध्ये एक छोटं बटण बसवलं. बटण दाबलं की चोक बाजूला, तंबोरा सुरू. मात्र आता टाक्या दोन असल्यामुळे पहिल्यापेक्षा निम्माच, मंद. बटण सोडलं की चोक पुन्हा कामावर. एका बाजूला तिनं चिठ्ठी चिकटवली 'भजन', दुसऱ्या बाजूला 'बातम्या'.

तिला जाऊन आता चार महिने झाले. रविवारी फोन येतो, जेवण कसं असतं ते कळतं. पहाटे मला जाग येते ती रेडिओनंच. भजन होतं, बातम्या होतात, आणि मंत्र्यांच्या दौऱ्यामागे खर्जात घुंऽऽऽ चालू असतं. परवा मी म्हणालो, "अण्णा, बातम्या लागल्यात. बटण तिकडं करायचं राहिलंय."

"राहू दे," अण्णा म्हणाले. "घरात कुणीतरी गुणगुणत असलेलं बरं."